‘रोप ते रोप, त्यात काय एवढं?’ : टोमॅटो आणि कडुनिंबावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलंय.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परसात टोमॅटो आणि कडुनिंब शेजारी असले तरी दोघांना एकच पाइप, एकच खत आणि एकच वेळापत्रक लावू नका, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ऊन, पाणी, माती, खत सगळ्यांनाच लागतं, मी साध्या गोष्टीचं उगाच शास्त्र करतोय. कडुनिंबाचा खड्डा शेणखताने भरू नका हा सल्ला तर चक्क घातक. आणि तुमच्या अंगणात दोन्ही रोज संध्याकाळच्या एकाच पाण्यावर छान चाललंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. तुमचा कडुनिंब दोन वर्षांचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. एवढ्यात निकाल लावू नका. रोज पाणी मिळणारा कडुनिंब पहिली दोन-तीन वर्षं हिरवागार आणि तरतरीतच दिसतो. अडचण मातीखाली असते. वरची चार बोटं माती कायम ओली राहिली की मुळांना खाली जायची गरजच उरत नाही, ती वरच्या वर पसरतात. मग वळवाच्या वाऱ्यात झाड कलतं, किंवा मे महिन्यात तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात की माना टाकतं. लोक म्हणतात, ‘कडुनिंब तर माळरानावर कुणी पाणी न घालता वाढतो, आमचाच कसा गेला?’ माळावरच्या कडुनिंबाला कुणी रोज पाणी घातलेलं नसतं, म्हणून त्याचं सोटमूळ मुरूम फोडून खाली गेलेलं असतं.

टोमॅटोचं नेमकं उलट. त्याचं सगळं आयुष्य चार-पाच महिन्यांचं. लागवडीपासून साधारण दोन-अडीच महिन्यांत त्याला फळ द्यायचं असतं, आणि त्याची कामाची मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. तिथली माती सतत वाफशावर असली पाहिजे, चिखलही नको आणि भेगाही नकोत. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी धो धो पाणी दिलं की फळं तडकतात. फळाच्या बुडाला तो काळपट, चामड्यासारखा डाग येतो ना, तो बहुतेक वेळा रोग नसतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं, आणि पाणी अनियमित असलं की मातीत असूनही ते पोचत नाही. त्यावर औषध फवारत बसणारे कितीतरी जण मला माहीत आहेत.

म्हणजे एकाला पाणी द्यायचं ते यंदाच्या फळासाठी, आणि दुसऱ्याला द्यायचं ते पुढे द्यावं लागू नये म्हणून. माझ्या लेखाचा सगळा भर एवढ्यावरच होता. कडुनिंबासाठी आमच्याकडे सोलापुरात मी सांगतो ते असं: लावल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड एक-दोन बादल्या, हळूहळू मुरू देऊन. दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. तिसऱ्यात महिन्यातून एखाद-दोन वेळा, आणि मग बंद. काळ्या जमिनीत आणखी कमी, कारण कडुनिंबाला दुष्काळ चालतो, पण साचलेलं पाणी चालत नाही. दर वर्षी आळंही बाहेर सरकवत न्या. बुंध्याशी पाणी ओतून उपयोग नसतो, पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे असतात.

आता शेणखताचा खड्डा. इथे तुमचा राग मला कळतो, कारण ‘मोठा खड्डा, भरपूर खत’ हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. कठीण मुरुमात मोठा खड्डा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो माती सैल करण्यासाठी. त्यात नुसतं खत आणि पोयटा भरला की आत मऊ गादी आणि बाहेर दगडी भिंत अशी स्थिती होते. मुळं गादीतच घुटमळतात. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साठतं, खत कुजून खाली बसतं आणि रोपही त्याच्याबरोबर खचतं. म्हणून निघालेलीच माती परत भरा, हवं तर त्यात थोडं चांगलं कुजलेलं खत मिसळा, बाकीचं वर पसरा. टोमॅटोच्या वाफ्यात मात्र शेणखत सढळ हाताने घाला, तिथे मी एका शब्दानेही हात आखडता घ्या म्हटलेलं नाही. टोमॅटो खादाड आहे. फक्त युरियाचा मोह नको, नाहीतर पुरुषभर उंच झाड, गर्द पाला आणि फळांच्या नावाने शून्य.

खताचा हिशोब आणखी एका कारणाने वेगळा आहे. टोमॅटोची पाटी भरून आपण घरात नेतो, त्याबरोबर वाफ्यातलं अन्नही जातं. ते परत द्यावंच लागतं. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, ती त्याच्याच मुळांवर पडतात. आपण काय करतो? झाडून, ढीग लावून पेटवतो आणि मग दुकानातून पिशवी आणतो.

लावण्याची खोली हा भाग लेखात एका ओळीतच आटोपला होता, म्हणून इथे सविस्तर. टोमॅटोचं रोप नुसतंच उंच, लुकडं वाढलेलं असेल तर खालची पानं खुडून खोड खुशाल मातीत दाबा, त्या खोडालाही मुळं फुटतात. नंतर बुंध्याशी मातीची भर लावा, काठीला सुतळीने बांधा. हीच माया कडुनिंबावर केलीत तर वाट लागते. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच झाड मातीत असावं. बुंध्याशी मातीचा ढीग घातला की साल कायम ओलसर राहून कुजते. आधाराची काठी असली तरी बांध सैल ठेवा. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड जाड होतं.

आणि पिशवी फाडल्यावर तळाशी एकदा बघाच. रोप फार दिवस पिशवीत राहिलं असेल तर सोटमूळ तळाला टेकून वळलेलं असतं आणि बारीक मुळं पिशवीच्या कडेने गोल गोल फिरलेली असतात. बोटांनी मोकळी करा, जी सुटत नाहीत ती सरळ कापा. तशीच ठेवलीत तर ती जमिनीतही गोलच वाढतात, आणि काही वर्षांनी बुंध्यालाच फास बसतो.

‘सावलीच्या झाडाला ऊन कशाला मोजायचं?’ हा तुमचा टोमणा आवडला. झाडाला नाही, टोमॅटोला मोजायचं. त्याला सहा तास तरी थेट ऊन हवं. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे झाडाची लांब सावली उत्तरेला पडते. तुमचा वाफा झाडाच्या उत्तरेला असेल तर ऐन टोमॅटोच्या हंगामात तो अंधारात जाईल. पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन मिळतं आणि उन्हाळ्यात दुपारनंतर सावली, तीही हवीच असते, कारण पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. वाफा पुढच्या हंगामात हलवता येतो. झाड हलत नाही, आणि शहरात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे आपल्याच अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. त्यामुळे भिंतीपासून निदान पंधरा फूट सोडा. घराला सावली हवी असेल तर पश्चिमेची बाजू बघा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाटलीत जपून ठेवलेल्या लिंबोळ्या वर्षानंतर का उगवल्या नाहीत. टोमॅटोचं बी कोरड्या पाकिटात दोन-तीन वर्षं सहज टिकतं. लिंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच संपत जाते. जून-जुलैमध्ये पिवळ्या लिंबोळ्या पडल्या की वेचा, गर धुऊन काढा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि त्याच आठवड्यात लावा. पिशवी लांबट घ्या.