फिल्टर हाय की, मग काय होतंय?

ट्रॅक्टरला साउंड सिस्टीम बसवायला, गोंडे लावायला, मागं रेडियममधी नाव टाकून घ्यायला आपल्याकडं पैसे असतात, पण डिझेल ओतायचं नरसाळं मात्र तणनाशकाचं, तेच खसाखसा पुसून घ्यायचं आणि लावायचं. वाळव्यात बी हेच आणि खटावात बी हेच. कुणाला बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं, "फिल्टर हाय की, मग काय होतंय?" म्हणून आज त्या फिल्टरवरच लिहितोय. पोस्ट लांबणार हाय, ज्याच्या दारात डिझेलचा बॅरल हाय त्यानं तरी वाचाच.

फिल्टर असतोय तो चुकूनमाकून आलेली घाण अडवायला. तुम्ही रोज ओंजळभर घाण घालायची आणि त्यानं रोज गाळत बसायचं, असं त्याचं काम नाही. इंजिनाच्या डिझेल पंपातला प्लंजर (सरकणारा दांडा) आणि तो ज्यात सरकतो ती नळी, ह्यांच्यामधी फट असती दोन-तीन मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, आणि चाळीसच्या खालचा कण आपल्या डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळं "डिझेल एकदम क्लिअर दिसतंय बघ" ह्या बोलण्याला काही अर्थ नाही. साडीचा तुकडा लावून गाळणारे लय हायत, त्यात काडीकचरा, किडा, पाचटाची कूस अडकती हे खरं, पण माणदेशातली ती पिठासारखी धूळ आरपार जाती आणि पाणी बी आरपार जातंय. वर जुनं सुती फडकं असलं तर त्याचेच धागे सुटून आत जातेत.

जुन्या ट्रॅक्टरनं हे सगळं सोसलं. डिझेल फवारणाऱ्या नोझलला प्रेशर २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास, बिघडलं तर गावातला मिस्त्री खोलायचा, सेट करायचा, एअर काढायचा की गडी चालू. पण १ जानेवारी २०२३ पासनं ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम ४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक सरकारी नियम, लागू झाला, आणि त्या नादानं कॉमन रेल (एकाच नळीतनं सगळ्या इंजेक्टरला जादा दाबानं डिझेल देणारी) इंजिनं आली. तिथं प्रेशर १६०० बार आणि त्याच्या बी वर. एवढ्या प्रेशरनं बारीक धूळ इंजेक्टरच्या भोकातनं गेली की ती पॉलिश पेपर मारल्यागत घासती. मग गावातल्या मिस्त्रीच्या हातात काही राहत नाही, लॅपटॉप लावणारा माणूस लागतोय, आणि चार इंजेक्टर बदलायची पाळी आली तर हिशोब हजारात राहत नाही. ऐन गळीत हंगामात गाडी उभी राहिली आणि ऊसतोडीची टोळी बसून राहिली, त्याचं वेगळंच.

आता पाणी. बॅरल उघड्यावर उभा असतोय, बूच गच्च आवळलेलं, आपण निवांत. पण पावसाचं पाणी वरच्या तबकडीवर साचतंय. दिवसा ऊन तापलं की आतली हवा फुगून बाहेर पडती, आणि एकदम सर आली किंवा रात्री गारवा पडला की आतली हवा आकसती आणि ते साचलेलं पाणी बुचाच्या आट्यातनं आत ओढून घेती. बूच गच्च असलं तरी! त्यामुळं बॅरल शेडमधी ठेवा. उभाच ठेवायचा तर एका बाजूला खाली वीट द्या आणि कोणतंच बूच उताराच्या टोकाला येऊ देऊ नका. आतलं पाणी आणि गाळ उताराच्या बाजूला बसतोय, हातपंपाची नळी बुडापासनं चार बोटं वर ठेवायची. नवीन डिझेल ओतलं की एक दिवस बसू द्या. हंगामात कोण थांबतंय म्हणाल, तर दोन बॅरल करा, एक चालू एक निवळत.

पाणी तसंच राहिलं की पाण्याच्या आणि डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढतेत, काळा बुळबुळीत गाळ होतोय, फिल्टर चोंदतोय. आणि आपण म्हणतो, पंपवाल्यानं भेसळ केली! पंपवाले सगळे धुतल्या तांदळासारखे हायत असं माझं म्हणणं नाही, शंका आली तर पंपावर ५ लिटरचं माप मागा, डेन्सिटी (घनता) तपासून मागा, तो आपला हक्क हाय. टँकर खाली होत असंल तर तेवढ्यात भरू नका, बूड ढवळलेलं असतंय. पण आधी घरातला कॅन उन्हात धरून आत बघा, मग पंपावर भांडायला जा.

तासगाव भागातल्या बागायतदारांना तर खास सांगणं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) कालवायचा निळा पडलेला कॅन डिझेलला अजिबात नको, तांबं लागलं की डिझेल लवकर खराब होतंय, चिकट होतंय. गॅल्व्हनाइजची बादली, डबा बी नको, जस्ताचं आणि डिझेलचं जमत नाही, त्याचा साबणासारखा थर होऊन फिल्टरला बसतोय. डिझेलचा कॅन वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणतरी त्यातनं युरिया कालवतंयच.

संध्याकाळी काम सुटलं की इंजिन जरा थंड होऊ द्या आणि टाकी भरून ठेवा, रिकामी राहिली की थंडीत पहाटे आतनं घाम सुटून पाणी होतंय. टोपण काढायच्या आधी भोवतीची माती पुसा, एवढं पुसायला कुणाची कंबर मोडत नाही. आणि किती उरलंय बघायला ज्वारीचं धाट टाकीत घालणाऱ्यांना मी काय बोलू, हात जोडतो. तोंडानं नळी ओढून डिझेल काढणं बी बंद करा, घोट छातीत गेला तर फुफ्फुसाला सूज येऊन दवाखाना गाठावा लागतोय.

सकाळी चालू करायच्या आधी सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पाणी सोडायचं. बॅरलचं बूड अधनंमधनं काचेच्या बाटलीत काढून बघायचं, पाणी खाली वेगळं दिसतंय. ते गाळाचं डिझेल बांधावर किंवा विहिरीच्या कडंला ओतू नका, बाजूच्या डब्यात साठवा, चेन आणि गंजलेले नटबोल्ट धुवायला चालतंय.