दार आत उघडतंय का भाईर?

सांगलीत गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून ‘एक चांगलं कुलूप दाखवा’ म्हणू नये. समोरून तोंडी परीक्षाच सुरू होते. दार आत उघडतंय का भाईर? डावं का उजवं? जाडी किती? आपल्या मोबाईलमध्ये दाराचा फोटो असतो, पण त्यात नेमकं तोरण तेवढं स्वच्छ दिसतं.

म्हणून टेप लावून जायचं. फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं, बहुधा 30 ते 35 मिमीचं असतं. त्याच्या पोटात 15-16 मिमीचं मॉर्टिस कुलूप बसवायला सुताराने खाच पाडली की दोन्ही बाजूंना पापुद्रेच उरतात. शिवाय पोकळ गाभ्याच्या फ्लश दारात कुलपासाठीचं भरीव लाकूड ठरावीक जागीच असतं. अशा दाराला आतल्या अंगाने बसणारं कुलूपच बरं. मॉर्टिसचा थाट जाडजूड सागवानी दाराला शोभतो.

आता जिभेचं बघू. साध्या लॅचची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर चालणारी. फटीतून एटीएम कार्ड सरकवलं तरी मागे हटते. वाऱ्याने दार आपटलं की तीच आपल्याला दुधाच्या पिशवीसह बाहेर ठेवते. डेडबोल्टची जीभ चौकोनी, बिनस्प्रिंगची. किल्ली किंवा फिरकी (आतल्या बाजूची बोटांनी फिरवायची मूठ) फिरवल्याशिवाय हलत नाही, म्हणजे वाड्यातला अडसरच पितळी होऊन आला म्हणायचा. ती निदान 25 मिमी बाहेर आली पाहिजे.

आतून फिरकी का किल्ली, यावर घरात परिषद भरते. दाराशेजारी काच असेल, तर ती फोडून हात घालणाऱ्याला फिरकी आयतीच सापडते, हे खरं. पण रात्री गॅसचा वास आला आणि आतूनही किल्लीच लागत असली, तर ती शोधणार कोण? आपल्या घरात किल्ली जागेवर असते, ही निव्वळ श्रद्धा आहे. माझं मत फिरकीला; काचेला जाळी बसवा.

एवढा खल करून आणलेल्या कुलपाची जीभ जिच्या भोकात शिरते ती चौकटीतली पट्टी सुतार अर्ध्या इंची स्क्रूंवर बसवतो, तेही हातोडीने ठोकून. स्क्रू ड्रायव्हरचे दोन वेढे फक्त आपल्या समाधानासाठी. दाराला लाथ बसली की चौकट फाटते आणि कुलूप दारात अभंग राहतं. अडीच इंच जाडीच्या चौकटीला दोन इंची स्क्रू हवेत, आधी बारीक भोक पाडून.

पावसाळ्यात दार फुगतं आणि जीभ भोकात जात नाही. मग घरातला धट्टाकट्टा माणूस खांदा लावतो. दार तासू नका, उन्हाळ्यात फट पडेल. जिभेच्या टोकाला काजळ लावून फिरकी फिरवा. पट्टीवर डाग पडेल तिथे कानशीने दोन मिमी घासा.

आणि किल्लीच्या भोकात खोबरेल तेल सोडू नका. त्यावर धूळ बसते, आणि थंडीत ते बाटलीत गोठतं तसं आतही गोठतं. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर पुरे. नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासायची.