दोन हातांनी दार

गाडीचं दार कसं उघडायचं, हे मला आइसलँडमधल्या एका मुलीनं शिकवलं. आयुष्यभर गाडी चालवून केस पिकवलेल्या माणसाला, बायकोदेखत, भर वाऱ्यात. बायकोनं त्याचा व्हिडिओ काढला आणि तो आता कुटुंबाच्या ग्रुपवर आहे.

केफ्लाविक विमानतळ, भाड्याची गाडी, आम्ही चौघं: मी, बायको, ताई आणि दाजी. एवढी प्रस्तावना पुरे.

माझी तयारी मात्र कडक होती. आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय लायसन्स काढलं होतं, वर्षभर चालणारं. ते पुस्तक मी काउंटरवर सत्यनारायणाच्या पोथीइतक्या अदबीनं ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं ते न उघडता बाजूला सरकवलं आणि आपलं नेहमीचं भारतीय लायसन्स मागितलं. त्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, फोटो आहे, मुदत आहे, झालं काम. आरटीओतली ती अख्खी सकाळ मला आता कोण परत देणार?

आम्ही अंगावर होते नव्हते तेवढे कपडे चढवले होते आणि ती पोरगी अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात. हसतमुख होती. अशा लोकांपासून सावध राहावं.

"अपघाताचा विमा भाड्यातच आहे," ती म्हणाली.

"मग झालं की."

"खडी उडून काच फुटली, तर ते त्यात येत नाही. त्याचा वेगळा विमा."

घेतला.

"वाळू आणि राख?"

"कसली राख?"

"ज्वालामुखीची."

दाजी बँकेतून रिटायर झालेत. त्यांना काहीही विचारावं लागत नाही. "२०१० साली त्या राखेनंच सगळ्या युरोपची विमानं जमिनीवर बसवली होती," ते मागून म्हणाले. "घेऊन टाक." तोही घेतला. दक्षिण किनाऱ्यावर काळ्या वाळूची वादळं होतात आणि गाडीचा रंग खरवडून निघतो, हे ती असं सांगत होती, जणू त्यांच्या गावची जत्राच.

"नदीत गाडी घातलीत, तर मात्र विमा नाही."

"आम्ही कशाला नदीत घालू?"

"एफ लिहिलेले डोंगरातले रस्ते असतात. तिथे बऱ्याच नद्यांवर पूल नाहीत, पाण्यातूनच जावं लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह लागते. तुमच्या गाडीला तिथे परवानगी नाही."

"मग सांगता कशाला?"

"सांगितलेलं बरं. आता दार."

"दाराला काय होणार?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर झेंड्याचे तीन खांब कमरेत वाकले होते. "वारा," ती म्हणाली.

"द्या मग, दाराचाही विमा द्या."

"दाराचा मिळत नाही."

"राखेचा मिळतो आणि दाराचा नाही?"

"ज्वालामुखी रोज फुटत नाही," ती म्हणाली. तेव्हाही हसूनच. "आज वारा अठरा आहे."

दाजींना चेव आला. "अठरा? अठरा किलोमीटरला हे लोक वारा म्हणतात? आपल्याकडे एवढ्यात पतंगसुद्धा उडत नाही."

"अठरा मीटर. सेकंदाला."

दाजींनी मनात ३.६ नं गुणलं असावं. पासष्ट येतात. त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत, हा त्या सहलीतला सर्वात सुखाचा काळ.

मग ती आम्हाला गाडीपाशी घेऊन गेली आणि शिकवणी सुरू झाली. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे वारा दार लोटून बंद करतो. वारा पाठीमागून असला, तर उघडलेलं दार थेट पुढे फिरतं, बिजागऱ्या वाकतात, दार पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि सगळा खर्च आपल्या माथी. इथपर्यंत मला पटलं. प्रश्न पुढचा होता.

"आता बसा आणि उघडून दाखवा."

मी उघडलं.

"नाही. दोन हात. एक हँडलवर, दुसऱ्यानं दाराची कड घट्ट धरा. आधी इतकंच," तिनं बोटांनी वीतभर दाखवलं, "मग वारा कुठला आहे ते बघा, मग पूर्ण."

मी पुन्हा उघडलं. वीतभर. दोन्ही हात दारात, पाय बाहेर, तोंडात वाऱ्यानं घुसलेला मफलर.

"पुन्हा."

शेजारच्या गाडीतलं एक म्हातारं जोडपं आपलं सामान लावायचं थांबून बघत उभं राहिलं. आजोबांनी मला मान हलवून धीर दिला. धीर! गाडीतून उतरायला! "आता मागच्यांनी," ती म्हणाली, तर दाजींनी गुडघा दुखत असल्याचं जाहीर केलं आणि ते आतच बसून राहिले. ताईनं तिसऱ्यांदा जमवलं. बायकोनं पहिल्या झटक्यात दार असं उघडलं की पोरगी म्हणाली, "व्हेरी गुड!" मला काय म्हणाली होती? "ओके." मी विसरलेलो नाही.

या सगळ्यात अर्धा तास गेला. ज्यानं जीव जाऊ शकतो, ते तिनं किल्ली देता देता दीड वाक्यात उरकलं. "रस्त्याच्या उजवीकडून चालवा. आणि दोन लेनच्या चौकातल्या वर्तुळात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याचा हक्क पहिला." म्हणजे तुम्ही बाहेरच्या लेनमध्ये, रस्ता मोकळा दिसतोय, आणि आतून एक गाडी शांतपणे तुमच्या नाकासमोरून बाहेर पडणार. हे असं शिकवतात का? बरं, या देशाला ही अडचण माहीत नाही असंही नाही. २६ मे १९६८ च्या पहाटेपर्यंत हे लोक स्वतः डावीकडूनच गाड्या चालवत होते. त्यांचा अख्खा देश एकदम उजवीकडे गेला, आधी महिनोन्‌महिने प्रचार करून. आम्हाला वाहनतळाच्या फाटकापर्यंतचा वेळ मिळाला. पहिले दोन दिवस दर वळणावर इंडिकेटरऐवजी आमचा वायपर लागत होता. कोरड्या काचेवर. मागच्यांना कळायचं, हे लोक वळताहेत.

रस्ते छान आहेत, ते मान्य. सगळ्या देशाला वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता १,३०० किलोमीटरहून लांब. वेगमर्यादा डांबरावर ९०, खडीवर ८०, वस्तीत ५०. पूल जागोजागी एकाच गाडीच्या रुंदीचे. जो आधी पोचेल तो आधी जाणार आणि गंमत म्हणजे लोक खरंच थांबतात. दिवे दिवसाही लावायचेच, कायदाच आहे. दाजी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं खुणा करून "दिवा चालू राहिलाय" सांगत होते. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या. कोकरू रस्त्याच्या या बाजूला आणि आई त्या बाजूला दिसली की ब्रेकवर पाय हवाच, कारण कोकरू धावणार ते ऐन गाडी आल्यावर.

पण मला सांगायचंय ते धबधब्याचं.

दक्षिण किनाऱ्यावरच्या एका धबधब्यापाशी गाडी लावली. सगळ्या जागा धबधब्याकडे तोंड करून आखलेल्या आणि वारा पाठीमागून. शिकवणीप्रमाणे हे वर्ज्य. वीतभर दार उघडून बघितलं, तर बाहेरच्या वाऱ्यानं ते हातातून ओढलं. गाडी उलटी लावायची म्हटलं, तर पुढेमागे गाड्या. शेवटी आम्ही काचा बंद करून आतच बसलो, दशम्या खाल्ल्या आणि निघालो. धबधबा काचेवरच्या पाण्यातून जेवढा दिसला तेवढाच.

परवा कार्डावरून दोन रकमा गेल्या. पहिली पार्किंगची. तिथे म्हणे फाटक नसतं, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे आपण यंत्रावर किंवा ॲपवर भरायचे. यंत्र गाडीबाहेर होतं. गाडीबाहेर जायला दार उघडावं लागतं. तरी ठीक आहे, जागा वापरली, पैसे घ्या.

दुसरी रक्कम पहिलीहून मोठी. ती कशाची, तर गाडी त्या दिवशी माझ्याकडे होती हे गाडीवाल्या कंपनीनं पार्किंगवाल्यांना कळवल्याची! माझं नाव सांगायचे पैसे माझ्याकडून. करारात आहे म्हणे, मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. बिजागरी वाकली तर त्यांची गाडी जाते, म्हणून तिथे प्रात्यक्षिक, तीनतीनदा, धीर द्यायला म्हातारं जोडपं. माझे पैसे जाणार तिथे मुलीनं एक शब्द काढला नाही. गाडी परत देताना टॉर्च लावून चारही दारांच्या बिजागऱ्या तपासल्या, तेव्हाही नाही. एक ओरखडा नव्हता. त्याबद्दल कुणी "व्हेरी गुड" म्हटलं नाही ते नाहीच.

मी एक कडक ईमेल लिहून ठेवलाय. त्यात १९६८ सुद्धा आहे. बायको म्हणते पाठवू नकोस, वाचण्याचंही शुल्क लावतील.