लाईट जाते, मेसेज मात्र वेळेवर येतो

शुक्रवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. परवा पुन्हा तेच. पाऊस नाही, वारा नाही, आणि सकाळी साडेदहाला लाईट गेली. दहा डबे रांगेत, पट्टा थांबलेला, जात्यात अर्धवट दळण. मावशी डबा तिथंच ठेवून गेल्या. उपवासाचं पीठ होतं, संध्याकाळपर्यंत कसं थांबणार?

फोन लावला तर मशीन बोलतंय. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, आणि शेवटी फोन कट. आणि बिलाचा मेसेज? तो एक दिवस उशिरा येत नाही! स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क... गिरणी बंद असली तरी स्थिर आकार भरायचाच.

आता स्मार्ट मीटर बसवायचे म्हणतात. देशभरात २५ कोटींचं लक्ष्य आहे. मीटर हुशार करून काय करू? तार तीच जुनी, डीपी तोच उघडा, फांद्या तशाच तारांवर टेकलेल्या. आधी ते करा की राव!

वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये लिहिलंय, ठरलेल्या दर्जाची सेवा दिली नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची. आमच्या गल्लीत एकालाही ती मिळालेली मी पाहिली नाही. मतं मागायला आलेल्यांनाही हेच विचारलं. "बघतो ताई" म्हणाले नि पुढच्या दारात गेले.

तीन तासांनी लाईट आली. मावशींचा डबा तसाच होता.