आत ओक, वर व्हीनियर: यात फसवणूक कुठे आहे?

जुन्या फर्निचरबद्दलचा एक दावा सध्या खूप फिरतोय: अठराव्या शतकातल्या सोळाव्या लुई राजाच्या काळातली फ्रेंच कोपरा-कपाटं म्हणजे निव्वळ देखावा. आत साधं ओक, मागची बाजू तशीच खडबडीत, वर व्हीनियर, म्हणजे भारी लाकडाचा पातळ थर. आणि कारागिराचा शिक्का असेल तेवढंच अस्सल. हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण त्या कामातलं सगळ्यात अवघड तेच यात कमी लेखलंय.

आधी व्हीनियर. आज आपण पाहतो तो प्लायवर डकवलेला, अर्ध्या मिलिमीटरचा, यंत्राने काढलेला पापुद्रा. तेव्हा पॅरिसमध्ये हे पातळ तक्ते हाताच्या करवतीने कापत; जाडी मिलिमीटरभर किंवा जास्तच. व्हीनियरचं ट्यूलिपवुड हे लाकूड ब्राझीलहून येई. आपल्या शिसवाच्याच कुळीतलं हे झाड, पण बारीक. त्यातून दाराएवढी रुंद फळी निघतच नाही. चार तक्ते उलटसुलट मांडून लाकडाच्या रेषा मधोमध जुळवणं तर भरीव लाकडात शक्यच नाही. व्हीनियरचे तुकडे जोडून केलेल्या फुलांच्या नक्षीत पाकळीला सावली हवी असेल, तर तो इवलासा तुकडा चिमट्यात धरून त्याची कड तापलेल्या वाळूत खुपसत. कड हळूहळू तपकिरी होई. जरा उशीर झाला की करपली. मग शिरा कोरून त्यांत काळं भरत. आज मधाळ तपकिरी दिसणाऱ्या या नक्षीत अनेकदा रंगवलेलं हिरवं, निळं लाकूडही असे. उजेडाने ते रंग उडाले.

ओक निवडलं ते व्हीनियर चिकटवायचा सरस त्यावर पक्का बसतो आणि नीट वाळवलेली फळी फारशी हलत नाही म्हणून. कपाटाच्या मागच्या दोन्ही बाजू भिंतीला टेकतात, तिथे नक्षी कोणासाठी करायची?

एवढं काम एका हाताचं नव्हतंच. पितळी-ब्राँझी सजावट ओतणारे आणि तिला मुलामा देणारे वेगळ्या कारागीर-संघांचे (गिल्डचे). सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. ती वाफ कारागिरांच्या अंगात भिनायची. फर्निचर-कारागीर रीझनेरने १७८३ साली व्हर्सायच्या राजवाड्यात राणी मारी आंत्वानेतसाठी दिलेलं कोपरा-कपाट लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात आहे. ते बघताना हे अनाम हातही आठवावेत.

राहिला शिक्का. फर्निचर-कारागिरांच्या संघाचा शिक्का मारण्याचा नियम १७४३चा, लागू झाला १७५१मध्ये, आणि १७९१मध्ये संघच बरखास्त झाले. राजाच्या सेवेतले कारागीर आणि पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान भागातले, संघाबाहेरचे मुक्त कारागीर या नियमाबाहेर होते. दुरुस्ती करणारेही आपला शिक्का मारत, आणि खोटे शिक्के पुढे भरपूर निघाले. म्हणून शिक्का शोधण्याआधी त्याच खडबडीत पाठीवर तिरपा उजेड टाकावा. हाताच्या रंध्याचे उथळ, कमीजास्त पट्टे दिसले तर चांगली खूण; गोल करवतीचे कमानदार वळ दिसले तर ती फळी बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची.