स्वीडनने शाळेतले कम्प्युटर फेकून दिले म्हणे!

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला सहा जणांनी पाठवला. चार पालक, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक माझा सख्खा भाऊ, जो स्वतः जेवताना पण फोन खाली ठेवत नाही आणि "मुलांना स्क्रीनपासून वाचवा" असं लिहून पाठवतो.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वीडनने शाळेतले सगळे कम्प्युटर काढून टाकले आणि पुस्तकं परत आणली. युनेस्कोनेच सांगितलंय वर्गात टेक्नॉलॉजी नको. सिलिकॉन व्हॅलीवाले स्वतःच्या पोरांना स्क्रीन देत नाहीत. हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं हे सायन्सने सिद्ध झालंय. स्क्रीनवरचा प्रयोग म्हणजे खोटा प्रयोग. चांगल्या शिक्षकाला मशीन लागत नाही. इंटरनेट खोट्या माहितीने भरलंय. म्हणून वर्गातून नेट आणि प्रोजेक्टर हद्दपार करा, आणि हो, जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा.

मी विज्ञान शिकवते, माझ्या वर्गात प्रोजेक्टर आहे, नेट कधी असतं कधी नसतं. त्यामुळे गप्प बसवेना.

स्वीडनपासून सुरू करू कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. खरं काय झालं तर मे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने शिक्षण खात्याने तयार केलेलं नवीन डिजिटल धोरण नामंजूर केलं, छापील पुस्तकांसाठी त्या वर्षी ६८.५ कोटी क्रोनर दिले, आणि बालवाडीत डिजिटल साधनं वापरायची जी सक्ती होती ती काढायचं ठरवलं. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटसारख्या नावाजलेल्या संस्थेने त्या धोरणावर सडकून टीका केली होती हे पण खरं. चौथीच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी असते, पर्ल्स, त्यात स्वीडनचे गुण २०१६ ला ५५५ होते ते २०२१ ला ५४४ झाले म्हणून तिथे आरडाओरडा झाला. आता ह्या दोन चाचण्यांच्या मधे कोरोना येऊन गेला हे फॉरवर्डवाला सांगत नाही, आणि त्या चाचणीचा मध्यबिंदू ५०० आहे, म्हणजे पडल्यावर पण ते वरच आहेत, हे पण नाही. आणि कम्प्युटर काढून टाकले हे तर कुठेच नाही! तिथे २०१८ पासून गणित आणि तंत्रज्ञान ह्या विषयांत प्रोग्रामिंग शिकवतात, ते काय पाटीवर करणार? त्यांचा प्रॉब्लेम होता की मुलांच्या हातात टॅब आला आणि हातातलं पुस्तक गेलं. पुस्तक परत आणा ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण ज्याच्या वर्गात अख्ख्या वर्गाला मिळून एक प्रोजेक्टर आहे त्याने स्वीडनचं औषध घेणं म्हणजे शेजाऱ्याला शुगर आहे म्हणून आपण गोळ्या खाणं.

युनेस्को. २०२३ चा त्यांचा जागतिक शिक्षण अहवाल ह्याच विषयावर आहे आणि तो टीकाच करतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. कंपन्या मोठमोठे दावे करतात आणि भक्कम पुरावा फार कमी ठिकाणी असतो, नुसता फोन जवळ असला तरी मुलांचं लक्ष उडतं, असं सगळं त्यात आहे. पण त्यातून निघणारा सल्ला "बंद करा" असा नाहीये, शिकणाऱ्याचा फायदा होतोय का ते आधी बघा आणि शिक्षकाच्या जागी वापरू नका असा आहे.

इथे फॉरवर्डवाल्याच्या बाजूने मीच एक मुद्दा देते, त्याने वापरलाच नाही बिचाऱ्याने. पिसा ही १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्या २०२२ च्या फेरीत ओईसीडी ह्या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या साधारण ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल उपकरणामुळे त्यांचं लक्ष विचलित होतं. आणि ५९ टक्के म्हणाले की दुसरं कोणी वापरत असेल तरी होतं! हे मला रोज दिसतं. फोन खिशात नको, दप्तरात पण नको, ह्यावर माझं कोणाशी भांडण नाही. पण त्याच पिसात अजून एक आकडा आहे, शाळेत शिकण्यासाठी दिवसाला एक तासापर्यंत उपकरण वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुणांनी पुढे होती, घरची आर्थिक परिस्थिती हिशोबात धरून सुद्धा. ह्यावरून उपकरणामुळेच गुण वाढले असं म्हणता येत नाही, कदाचित मुळात बऱ्या चाललेल्या वर्गातच ती नीट वापरली जात असतील. पण "स्क्रीन आली की मुलं बिघडली" असं तर नक्कीच म्हणता येत नाही. थोडक्यात मुलांचे मोबाईल बंद आणि फळ्याशेजारचा प्रोजेक्टर चालू, हे एकाच वर्गात सुखाने नांदू शकतं.

सिलिकॉन व्हॅलीचा मुद्दा पटकन उरकते. ॲपलचा स्टीव्ह जॉब्स मुलांना टेक्नॉलॉजी मोजूनच देतो असं बोलला होता, पण तो घरातल्या वापराबद्दल, २०१० साली, आयपॅड बाजारात येऊन वर्ष सुद्धा झालं नव्हतं तेव्हा. बिल गेट्सने मुलांना १४ वर्षांपर्यंत फोन दिला नाही, बरोबरच केलं. त्याच गेट्सच्या फाउंडेशनने खान अकॅडमीला, म्हणजे व्हिडिओवरून फुकट शिकवणाऱ्या वेबसाइटला, पैसे दिले, ते फॉरवर्डात का नाही? घरी फोन न देणं आणि वर्गात व्हिडिओ न दाखवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुढे चला.

हाताने लिहिण्याचं. ह्यासाठी नेहमी दाखवतात तो अभ्यास २०१४ चा, म्यूलर आणि ओपेनहायमर ह्यांचा. कॉलेजच्या मुलांना लेक्चरचे व्हिडिओ दाखवले, काहींनी वहीत नोट्स काढल्या काहींनी लॅपटॉपवर, आणि संकल्पनांच्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले. कारण असं दिलं की टाइप करणारे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात, डोकं मधे येतच नाही. छान अभ्यास आहे, पण २०२१ मध्ये दुसऱ्या टीमने तोच प्रयोग तसाच परत केला तेव्हा तो फरक दिसला नाही. "सिद्ध झालंय" हा शब्द जरा जपून वापरावा. लहान मुलांनी अक्षरं हातानेच गिरवावीत हे मात्र मलाही पटतं, आणि माझ्या वर्गात प्रयोगवही हातानेच लिहितात. प्रोजेक्टर आहे म्हणून वही बंद झाली असं कोणी सांगितलं?

आता माझा आवडता, "स्क्रीनवरचा प्रयोग खोटा प्रयोग".

वीज शिकवताना दरवर्षी एक गैरसमज हमखास भेटतो. दोन बल्ब एकसरीत जोडले तर मुलांना वाटतं पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो आणि उरलेला दुसऱ्याकडे जातो. फळ्यावर बाण काढून कितीही सांगा, माना डोलावतात आणि पेपरात तेच लिहितात. खऱ्या सर्किटमध्ये दोन्ही बल्ब सारखे पेटलेले दिसतात पण तारेच्या आत काय चाललंय ते दिसत नाही ना! फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, कोलोराडो विद्यापीठाची, कार्ल वीमन ह्या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट, आणि एकदा डाउनलोड केली की नेटशिवाय चालतात. त्यात तारेतून इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके सरकताना दिसतात. मी सर्किट जोडते, स्विच उघडाच ठेवते आणि आधी वहीत लिहायला लावते: पहिल्या बल्बच्या पुढे ठिपके हळू होतील, की तसेच राहतील? आणि का? अर्ध्याहून जास्त वर्ग लिहितो हळू होतील. मग स्विच. ठिपके आधी ज्या वेगाने तेवढ्याच वेगाने पुढे. वर्गात जो गोंधळ होतो तो ऐकण्यासारखा असतो, "मॅडम मग बल्ब काय खातो?" हा प्रश्न मी विचारलेला नाही, तो त्यांचा आहे, आणि तिथून करंट आणि एनर्जी वेगळे करायचा धडा सुरू होतो.

ह्याच सिम्युलेशनवर २००५ मध्ये अभ्यास झाला. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांचे दोन गट, एकाने खरं सामान वापरलं एकाने कम्प्युटर, आणि नंतर दोघांना खरं सर्किट जोडायला दिलं तर कम्प्युटरवाला गट जास्त चांगलं जोडू शकला आणि समजावून सांगू शकला. मला पण आश्चर्यच वाटलं होतं वाचून. तरी मी दुसऱ्या दिवशी खऱ्या तारा आणतेच, कारण तारेचं प्लास्टिक नीट खरवडलं नाही तर बल्ब लागत नाही हे कुठल्याही स्क्रीनवर शिकता येत नाही.

आणि एक कबुली. प्रोजेक्टर आला त्या पहिल्या वर्षी मी आधी लिहून घ्यायची भानगड ठेवलीच नव्हती, एकामागून एक ॲनिमेशन दाखवत सुटले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचणीत करंट परत पहिल्या बल्बने खाल्ला. सामान तेच होतं, फरक एवढाच की मुलांची डोकी सुट्टीवर होती. एडिसनने १९१३ मध्ये सांगितलं होतं की लवकरच शाळेतून पुस्तकं जातील आणि फिल्मवर सगळं शिकवता येईल, तेव्हापासून आजच्या टॅब विकणाऱ्यांपर्यंत सगळे हीच चूक करत आलेत. पेरूमध्ये शाळांना लॅपटॉप वाटले, २०१२ मध्ये मोजलं तर गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. मी त्यांची वकील नाही.

"चांगल्या शिक्षकाला मशीन लागत नाही." शिक्षकाला नसेल लागत. पण एका वर्गात बसलेली मुलं एका पातळीवर नसतात हे ज्याने एकदा पेपर तपासलेत त्याला माहीत आहे. दिल्लीत माइंडस्पार्क ह्या सॉफ्टवेअरवर एक अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, त्यात काही मुलं आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षं मागे होती. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला जिथे तो खरा आहे तिथून सुरू केलं आणि साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे चांगली वाढ दिसली. पण नीट वाचा, तिथे अर्धा वेळ सॉफ्टवेअर आणि अर्धा वेळ माणूस शिकवायला होता. आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याचं काय? एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मायकल करन ह्या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेला, मराठी पण वाचून दाखवतो. त्या मुलाचा कम्प्युटर काढून घ्या आणि त्याला सांगा की आम्ही पुस्तकांकडे परत चाललोय.

राहिलं इंटरनेट आणि खोटी माहिती. भरलंय, शंभर टक्के. पण मुलं शाळा सुटल्यावर तिथेच जाणार आहेत. म्हणून मी वर्षातून एकदा झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची वेबसाइट दाखवते. १९९८ पासून आहे, फोटो, अधिवास, "वाचवा" मोहीम, सगळं साग्रसंगीत, आणि सगळं बनावट. बरीच मुलं विश्वास ठेवतात आणि हळहळतात. मग एक युक्ती शिकवते, जी स्टॅनफर्डच्या संशोधकांना व्यावसायिक फॅक्टचेकर लोकांत दिसली: पान बरोबर आहे की नाही हे त्या पानावर बसून ठरवू नका, दुसरी टॅब उघडा आणि बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात बघा. इतिहासाचे प्राध्यापक त्याच पानावर घुटमळत बसले होते, फॅक्टचेकर लगेच बाहेर पडले.

ह्या वर्षी ऑक्टोपसनंतर मी हाच फॉरवर्ड लावला प्रोजेक्टरवर, पाठवणाऱ्याचं नाव झाकून. तासाच्या आत एकीने स्वीडनची मूळ बातमी काढली, "मॅडम, धोरण नामंजूर केलंय, कम्प्युटर नाही." मागच्या बाकावरून आवाज आला की युनेस्कोचं नाव आहे पण रिपोर्टची लिंक कुठेय? घंटा झाली तेव्हा त्यांनी विचारलं, पाठवणाऱ्याला कळवायचं का?

मी भावाला कळवलं, सगळं सविस्तर, लिंकांसकट. त्याने अंगठा पाठवला. रात्री तोच फॉरवर्ड आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, त्याच्याच नंबरवरून.