हिरवा गंज दिसला म्हणजे भांडं अस्सल, असं नाही

जुन्या चिनी काशाच्या पूजापात्रांबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अंगावर दाट हिरवा गंज, आत कोरलेली अक्षरं आणि सोबत तपासणीचा कागद असेल तर पात्र अस्सल समजा, आणि ते विकत घेणारा माणूस वारसा वाचवतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

गंजाचं आधी बघू. शांग आणि पश्चिम चौ या साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी राजवटींच्या काळातली ही पात्रं नवी असताना सोनेरी झळकत होती. हिरवा रंग नंतर मातीत चढला. पण आम्ल वापरून किंवा सरसात रंग कालवूनही तो आणता येतो. खरा गंज धातूत रुजलेला असतो, आणि हिरव्या थराखाली बहुधा तांबूस थर सापडतो. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके तर अनेकदा क्लोराइडमुळे होणारा रोग असतो, तो पात्र पोखरत जातो. त्याचं कौतुक कसलं करायचं?

अक्षरांमुळे तर उलट सावध व्हायला हवं. त्या काळातले लेख बहुतेक ओतीव असत, म्हणजे साच्यातच तयार केलेले. लेख असला की भाव वाढतो, म्हणून कोऱ्या पण खऱ्या पात्रांवर नंतर छिन्नीने अक्षरं कोरली गेली. शिवाय बाराव्या शतकात सुंग सम्राट हुइत्सुंगने विधींसाठी जुन्या घाटाची पात्रं मुद्दाम ओतवून घेतली होती. तीही आज जुनीच दिसतात, पण शांग काळातली नव्हेत.

कागदाबद्दल थोडक्यात: उष्मादीप्ती चाचणी (तापवल्यावर मातीतून निघणारा प्रकाश मोजणारी) पात्रात उरलेल्या साच्याच्या भाजक्या मातीचं वय सांगते. जोडकाम केलेल्या पात्राचा एखादा तुकडा खरा असला, तरी बाकीच्याची हमी मिळत नाही. ते पात्र जमिनीतून कुठे आणि कधी निघालं, हे तर तो कागद सांगतच नाही.

आणि खरा मुद्दा तोच आहे. १९७६ साली चीनमधल्या आन्यांगजवळ पुरातत्त्वज्ञ झंग झेनश्यांग यांच्या चमूला फू हाओ या राणीचं थडगं चोरांनी न छेडलेलं मिळालं. आत ४६० हून अधिक कांस्यवस्तू होत्या आणि शंभराहून जास्त वस्तूंवर तिचं नाव. शांग राजा वू दिंगची ही पत्नी सैन्य घेऊन लढाईवर जात असे, हे भाकीतअस्थींवरच्या, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवरच्या, लेखांतून कळत होतंच. आता तिचा काळ, तिचा मान आणि तिची पात्रं यांचा एकमेकांशी मेळ लागला. हीच पात्रं एकेक करून बाजारात आली असती, तर चोरांनी ती खणताना हा सगळा संबंध तोडून टाकला असता. आपण पैसे मोजतो म्हणूनच पुढचं थडगं फुटतं.

चीनच्या १९८२च्या कायद्याने जमिनीखालचे पुरावशेष सरकारी मालकीचे आहेत. कुठून आलं ते माहीत नसलेल्या पात्राच्या विक्रेत्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा: हे चीनबाहेर कधी आलं, आणि त्याचा पुरावा काय?

खरेदीने वारसा वाचल्याचं उदाहरण आहे, नाही असं नाही. चीनच्या हूनान प्रांतातल्या ताओयुआनला सापडलेल्या 'मिन' नावाच्या चौकोनी मद्यपात्राचं झाकण तिथल्या संग्रहालयात होतं आणि धड परदेशात. २०१४ साली ते विकत घेऊन हूनानला परत आणलं गेलं. हे जमलं ते त्याचा प्रवास नोंदलेला होता म्हणून, आणि पात्र कुणाच्या दिवाणखान्यात न जाता संग्रहालयात गेलं म्हणून.